विकिपीडियावर किल्ल्यांच्या वर्गांना नावं कशी द्यावीत?

सह्यवाट

मराठी विकिपीडियावर किल्ल्यांचे लेख लिहिणारे, दुरुस्त करणारे बरेच जण इथे आहेत. म्हणून चावडीवर, म्हणजे विकिपीडियाच्या चर्चापानावर, रीतसर प्रस्ताव टाकण्याआधी इथे बोलून घेतो.

लेखाच्या तळाशी वर्गांची, म्हणजे तो लेख कोणकोणत्या गटांत येतो ते सांगणारी, पट्टी असते. तिथल्या नावांकडे आपण फारसं लक्ष देत नाही. लेखात काही चुकीचं असलं तर वाचणाऱ्याला खटकतं आणि तो दुरुस्त करतो. वर्गाचं तसं नसतं. एकाने मोघम नाव दिलं की पुढचा तेच उचलतो, त्याच्या पुढचाही तेच, आणि सगळे लेख भलत्या ठिकाणी जाऊन बसल्यावर कुणाच्या तरी लक्षात येतं.

शिवनेरीचंच बघा. 'शिवाजी महाराजांचे किल्ले' असा वर्ग काढला, तर शिवनेरी त्यात घालायचा का? कुणीही म्हणेल, हा काय प्रश्न झाला? १६३० साली महाराजांचा जन्म तिथे झाला. पण हा गड त्यांच्या हयातीत स्वराज्यात आला नाही. १६५७ मध्ये त्यांनी जुन्नरवर छापा घातला, तरी शिवनेरी मोगलांकडेच राहिला. मग 'महाराजांचे' म्हणजे नेमकं काय? जन्मले तो, बांधला तो, जिंकला तो, की राहिले तो? सिंधुदुर्ग त्यांनी पायापासून बांधला, काम १६६४ मध्ये सुरू झालं. रायगड मात्र आधीचा रायरी. तो १६५६ मध्ये मोऱ्यांकडून घेतला आणि पुढे राजधानी म्हणून उभा केला. 'बांधलेले' असं नाव दिलं तर रायगडावर वाद होणार, 'जिंकलेले' दिलं तर सिंधुदुर्ग बाहेर जाणार, आणि नुसतं 'चे' ठेवलं तर ज्याला जसं वाटेल तसं.

माझं म्हणणं एवढंच आहे की वर्गाच्या नावातच त्याची कसोटी दिसली पाहिजे. नाव वाचलं, किल्ल्याचा लेख वाचला, की 'बसतो' किंवा 'बसत नाही' हे दोन वेगवेगळ्या माणसांना सारखंच सांगता यावं. आणि ज्या गोष्टीवरून ठरवलं ती लेखात संदर्भासह लिहिलेली असावी.

या कसोटीवर 'पुणे जिल्ह्यातील किल्ले' हे नाव उत्तम उतरतं. 'शिवकालीन किल्ले', 'ऐतिहासिक किल्ले', 'प्रसिद्ध किल्ले' ही उतरत नाहीत. अनैतिहासिक किल्ला कुठला असतो?

नुसतं 'वर्ग:रायगड' हेही तितकंच वाईट. किल्ला की जिल्हा? १९८१ मध्ये कुलाबा जिल्ह्याचं नाव रायगड झालं, त्याच वर्षी १ मे रोजी रत्नागिरीतून सिंधुदुर्ग जिल्हा निघाला. तेव्हापासून ही दोन नावं दोन-दोन अर्थांनी चालतात. 'रायगड (किल्ला)' आणि 'रायगड जिल्हा' असे दोन स्वच्छ वर्ग हवेत. पहिल्यात राजधानीशी संबंधित लेख येतील, दुसऱ्यात अलिबागपासून पोलादपूरपर्यंतचं सगळं.

आपली मतं सांगा. विरोधी असली तर आधी सांगा.

---

पायवाट

विरोधी मत आधी मागितलंत म्हणून सांगतो.

माझ्या भावाची मुलगी सातवीत आहे. तिला शाळेत प्रकल्प दिला तर ती 'शिवाजी महाराजांचे किल्ले' हेच शोधणार. 'रायगड जिल्ह्यातील किल्ले' हे तिच्या डोक्यात येणारच नाही. जिल्हा हा कलेक्टर कचेरीचा विषय. किल्ल्यांचं नातं माणसांच्या मनात महाराजांशी आहे, ताम्रपटांशी आणि तलाठ्यांशी नाही. आपण ज्ञानकोश लोकांसाठी लिहितो ना? मग लोकांच्या तोंडी असलेलं नाव काढून कागदी नाव का द्यायचं?

आणि जिल्ह्याला तुम्ही पक्की कसोटी समजता, तेही मला पटत नाही. वसई आणि अर्नाळा कालपर्यंत ठाणे जिल्ह्यात होते. १ ऑगस्ट २०१४ ला पालघर जिल्हा झाला आणि ते तिकडे गेले. किल्ला जागचा हलला नाही, वर्ग मात्र बदलायला लागला.

---

ताम्हण

मी ग्रंथालयात काम करते, त्यामुळे हा वाद वेगळ्या रूपात रोज बघते.

पायवाट, तुमच्या पुतणीला जे हवंय ते मिळायलाच हवं, यावर दुमत नाही. पण तिला वर्ग नकोय, तिला यादी हवीय. वर्गात फक्त लेखांची नावं येतात, एकाखाली एक. त्यात शिवनेरीसमोर 'जन्मस्थान, ताब्यात कधीही नाही' असं लिहिता येत नाही. संदर्भ देता येत नाही. मतभेद नोंदवता येत नाही. 'शिवाजी महाराजांशी संबंधित किल्ल्यांची यादी' असा लेख केला तर त्यात रकाने करता येतात: किल्ला, आधीचं नाव, स्वराज्यात कधी आला, कसा आला, कोणता संदर्भ. रायगडाचं रायरी आणि राजगडाचं मुरुंबदेवाचा डोंगर ही जुनी नावंही तिथेच येतील. सातवीतल्या मुलीला त्यातून कितीतरी जास्त कळेल. तिने जो शब्द शोधला तोच त्या लेखाच्या नावात असेल, म्हणजे शोधात तो वर येईल.

वर्गाकडून मात्र एकाच कामाची अपेक्षा ठेवावी. हा लेख या गटातला आहे की नाही, हो किंवा नाही. जिथे 'हो, पण' असं उत्तर येतं तिथे वर्ग करू नये, यादी करावी.

जिल्ह्याबद्दल. सीमा बदलतात हे खरंच. पण बदलल्या की राजपत्रात येतं, तारीख असते, वाद नसतो. पालघरच्या बाबतीत कुठले तालुके गेले हे कुणालाही बघता येतं. 'शिवकालीन' म्हणजे १६३० पासून की १६७४ पासून, १६८० ला संपतं की पुढे ओढायचं, याला राजपत्र नाही.

ग्रंथालयशास्त्रज्ञ रंगनाथनांनी १९३३ मध्ये पुस्तकांसाठी कोलन वर्गीकरण मांडलं. विषयाचे पैलू सुटे करायचे आणि मग जोडायचे, ही त्यातली मूळ कल्पना. स्थळ वेगळं, काळ वेगळा. तीच इथे उपयोगी पडते. एका नावात दोन पैलू कोंबले की घोळ होतो. 'कोकणातील शिवकालीन जलदुर्ग' असा वर्ग कुणी केला तर त्यात तीन कसोट्या झाल्या आणि तिन्ही वादग्रस्त. त्याऐवजी ठिकाण एका वर्गात, प्रकार दुसऱ्या वर्गात. एका लेखाला दोन-तीन वर्ग असायला काहीच हरकत नाही.

---

कऱ्हेकाठ

ताम्हण यांना अनुमोदन. मी तांत्रिक बाजू मांडतो, कारण नाव ठरवताना ती विसरली जाते आणि मग सांगकाम्या (आपोआप संपादनं करणारा प्रोग्राम) चालवणाऱ्यांच्या गळ्यात काम पडतं.

पहिली गोष्ट. वर्गाचं नाव वर्गाच्या पानावर राहत नाही, ते प्रत्येक लेखाच्या मजकुरात लिहिलेलं असतं. त्यामुळे वर्गाचं पान स्थानांतरित केलं म्हणून लेख आपोआप नव्या वर्गात जात नाहीत. ते जुन्याच वर्गात राहतात आणि तो तळाशी लाल, म्हणजे पान नसलेला, दिसायला लागतो. जुन्या वर्गावर पुनर्निर्देशन (नव्या पानाकडे नेणारा दुवा) टाकलं तरी तेच, लेख जुन्यातच मोजले जातात. एकेक लेख उघडून बदलावा लागतो किंवा सांगकाम्या लावावा लागतो. म्हणून नाव आधी नीट ठरवणं स्वस्त पडतं.

दुसरी गोष्ट मराठीची आहे आणि ती मला सगळ्यात महत्त्वाची वाटते. 'पुण्यातील किल्ले' की 'पुणे जिल्ह्यातील किल्ले'? अर्थाच्या बाजूने दुसरं चांगलं, शहर की जिल्हा ही शंका उरत नाही. पण आणखी एक फायदा आहे. सामान्यरूप, म्हणजे प्रत्यय लागताना नावात होणारा बदल. पुणेचं पुण्यातील, साताराचं साताऱ्यातील, कोल्हापूरचं कोल्हापुरातील, नाशिकचं कुणी नाशिकमधील लिहितं तर कुणी नाशकातील. साच्याला, म्हणजे लेखांत वापरायच्या तयार नमुन्याला, हे व्याकरण येत नाही. माहितीचौकटीत 'जिल्हा' या रकान्यात 'सातारा' लिहिलं तर साचा त्याला 'तील' जोडून 'सातारातील' करून ठेवेल. पण नाव 'अमुक जिल्ह्यातील किल्ले' असं ठरवलं, तर जिल्ह्याचं नाव जसंच्या तसं राहतं आणि विकार फक्त 'जिल्हा' या शब्दाला होतो. साचा तो वर्ग स्वतः लावू शकतो. पुन्हा पालघरसारखं काही झालं, तर चौकटीतला एक शब्द बदलायचा, वर्ग आपोआप बदलेल. पायवाट यांच्या हरकतीवर हे अर्धं उत्तर आहे.

तिसरी गोष्ट डोळ्यांना दिसत नाही. 'किनाऱ्यावरील किल्ले' हे नाव घ्या. यातला 'ऱ्या' दोन प्रकारे टंकता येतो. एका प्रकारात 'ऱ' हे स्वतंत्र अक्षर, त्याला हलंत. दुसऱ्यात साधा 'र', हलंत आणि मध्ये शून्य रुंदीचा जोडक. पडद्यावर दोन्ही एकसारखे दिसतात. विकिपीडियाच्या लेखी ही दोन वेगळी नावं आहेत. तुम्ही कुठला कळफलक वापरता त्यावर कुठलं उमटेल ते ठरतं. त्यामुळे एकाच नावाचे दोन वर्ग दिसतात, एक निळा आणि एक लाल, आणि माणूस डोकं खाजवत बसतो की स्पेलिंग तर बरोबर आहे. 'ॲ' चंही तसंच. युनिकोडमध्ये हे अक्षर २००८ मध्ये आलं. त्याआधी 'अ', जोडक आणि चंद्र अशी जुळणी करून लिहायचे, आणि काही कळफलक अजूनही तशीच जुळणी करतात.

शक्य असेल तिथे वर्गाच्या नावात असे शब्द टाळावेत. टाळता येत नसतील तर स्वतंत्र 'ऱ' वालं रूप प्रमाण मानावं आणि दुसऱ्या रूपाच्या वर्गपानावर 'इकडे जा' अशी सूचना लावून ठेवावी. वर्षांचे आकडे देवनागरीत, 'इ.स. १९३० मधील जन्म' या धर्तीवर. ते वर्ग आधीपासून तसे आहेत, तोच पायंडा पाळू.

---

मांडवीकर

गोव्याकडून दोन शब्द.

'पोर्तुगीज किल्ले' असा वर्ग करण्याचा मोह फार जणांना होतो. कृपा करून तो करू नका. तेरेखोलचा किल्ला घ्या. तो बांधला सावंतवाडीच्या सावंत भोसल्यांनी, सतराव्या शतकात. १७४६ मध्ये पोर्तुगिजांनी घेतला. म्हणून तो पोर्तुगीज झाला का? शापोऱ्याला आधी आदिलशाही गढी होती, पोर्तुगिजांनी १७१७ मध्ये नव्याने बांधकाम केलं. आग्वाद मात्र त्यांचाच, १६१२ चा. उलट बाजूने वसईकडे बघा. ती महाराष्ट्रात आहे, पण तटबंदी पोर्तुगिजांची, आणि १७३९ मध्ये चिमाजी अप्पांनी जिंकली. आता 'पोर्तुगीज किल्ले' या एका नावाखाली गोव्यातला तेरेखोल आणि महाराष्ट्रातली वसई शेजारी बसवली, तर वाचणाऱ्याचा समज काय होणार?

'पोर्तुगिजांनी बांधलेले किल्ले' असं म्हटलं तर निदान कसोटी कळते. वसई, कोर्लई, आग्वाद येतील, तेरेखोल येणार नाही. सह्यवाट, तुमच्या नियमात हे बसतं.

दुसरं, तेरेखोल नदीच्या उत्तर काठावर आहे. नकाशात पाहणाऱ्याला तो सिंधुदुर्ग जिल्ह्यात वाटतो. तो गोव्यात आहे. नकाशावर अंदाजाने बोट ठेवून जिल्ह्याचा वर्ग लावणाऱ्यांनी एवढं लक्षात ठेवावं. आमच्याकडचे किल्ले 'कोकणातील किल्ले' या वर्गात ढकलले जातात तेव्हाही वाईट वाटतं. कोकण कुठून सुरू होतं आणि कुठे संपतं यावर एकमत नाही, गोव्याची हद्द मात्र ठरलेली आहे.

---

उंबरठा

थोडं अवांतर, पण नियम करायचाच असेल तर सगळ्या वर्गांसाठी व्हावा म्हणून लिहिते.

उपवर्गात टाकलं की मुख्य वर्गातून काढायचं, असा एक संकेत आहे. किल्ल्यांना तो चालतो. 'पुणे जिल्ह्यातील किल्ले' मध्ये लोहगड टाकला की 'महाराष्ट्रातील किल्ले' मधून काढला, कारण सगळेच किल्ले कुठल्या ना कुठल्या जिल्ह्यात जातात. माणसांना मात्र तो चालत नाही. इंदिरा संतांना 'मराठी कवयित्री' या वर्गात टाकून 'मराठी कवी' मधून काढलं, तर 'मराठी कवी' या पानावर फक्त पुरुष उरतात आणि ते पान मराठी कवितेचं म्हणून वाचलं जातं. एप्रिल २०१३ मध्ये इंग्रजी विकिपीडियावर हेच झालं होतं. अमेरिकी कादंबरीकारांच्या वर्गातून स्त्रियांची नावं निघून स्त्री-कादंबरीकारांच्या वेगळ्या वर्गात जायला लागली. अमांडा फिलिपाकी या कादंबरीकार बाईंनी न्यू यॉर्क टाइम्समध्ये त्यावर लिहिलं आणि मोठा गदारोळ झाला.

कुसुमावती देशपांडे १९६१ मध्ये ग्वाल्हेरला, दुर्गा भागवत १९७५ मध्ये कराडला संमेलनाध्यक्ष झाल्या. त्या स्त्रियांच्या राखीव खुर्चीवर बसल्या नव्हत्या. 'मराठी साहित्यिक' हा सगळ्यांना सामावणारा वर्ग ठेवावा, कवयित्री आणि लेखिकांचे वर्ग त्याच्या जोडीला असावेत. त्याच्या बदल्यात नकोत.

आणि 'मराठी' म्हणजे काय, तेही नावातच ठरवा. रजनीकांत मराठी घरातले, जन्म बंगळूरचा, कारकीर्द तमिळ चित्रपटात. 'मराठी अभिनेते' मध्ये घालायचे का? 'मराठी चित्रपट अभिनेते' असं नाव असलं तर प्रश्नच पडत नाही. जी. ए. कुलकर्णींचं आयुष्य बरंचसं धारवाडला गेलं. ते 'महाराष्ट्रातील लेखक' मध्ये बसत नाहीत, 'मराठी भाषेतील लेखक' मध्ये नि:शंक बसतात.

---

ताम्हण

उंबरठा, पूर्ण सहमत. हे अवांतर नाहीच. उपवर्ग पुरवणी म्हणून आहे की वाटणी म्हणून, हे वर्गाच्या पानावर एका ओळीत लिहून ठेवावं. ती ओळ लिहायला जागा असते, कुणी वापरत नाही एवढंच.

---

पायवाट

यादीचा मुद्दा पटला. खरं तर मला जे हवं होतं त्याहून ते चांगलं आहे. त्या लेखाची सुरुवात मीच करतो.

पण एक अडचण राहते. 'मराठा साम्राज्यातील किल्ले' या वर्गाचं काय? तो तर केलाच पाहिजे. जुलै २०२५ मध्ये युनेस्कोने बारा किल्ले जागतिक वारसा यादीत घेतले ते 'मराठा लष्करी भूप्रदेश' या नावानेच. साल्हेर, शिवनेरी, लोहगड, खांदेरी, रायगड, राजगड, प्रतापगड, सुवर्णदुर्ग, पन्हाळा, विजयदुर्ग, सिंधुदुर्ग आणि तमिळनाडूतला जिंजी. जगाने मान्य केलेलं नाव आपण वापरायचं नाही का?

---

सह्यवाट

वापरायचं, नक्कीच. पण जे मान्य झालंय तेच. 'मराठा लष्करी भूप्रदेश (जागतिक वारसा)' असा वर्ग करू. त्यात बरोबर बारा लेख आणि वारशाचा मुख्य लेख. कसोटी लख्ख आहे, युनेस्कोच्या यादीत नाव आहे किंवा नाही. शिवनेरीही त्यात कुठल्याही वादाशिवाय बसतो. जिंजी एकीकडे 'तमिळनाडूतील किल्ले' मध्ये राहील आणि इथेही येईल. हा वर्ग कुणी 'महाराष्ट्रातील किल्ले' चा उपवर्ग करू नये, नाहीतर जिंजी महाराष्ट्रात येऊन बसेल.

'मराठा साम्राज्यातील किल्ले' ला माझा विरोध आहे. तो कमी अभिमानातून नाही. पन्हाळ्याचा लेख डोळ्यांसमोर आणा. शिलाहार भोजाने तो बांधला, मग यादव, बहमनी, आदिलशाही, मराठे, मधे मोगल, शेवटी इंग्रज. एका सत्तेचा वर्ग केला की बाकीच्या सत्तांचेही वर्ग न्यायाने करावे लागतील. मग पन्हाळ्याच्या तळाशी सात वर्ग आणि सातांतून वाचणाऱ्याला काहीच कळणार नाही. कोण कधी होतं हा इतिहास आहे, तो लेखाच्या मजकुरात सविस्तर लिहावा. जिंजी १६७७ मध्ये महाराजांनी घेतला, पुढे राजाराम महाराज तिथून राज्य चालवत होते, १६९८ मध्ये तो मोगलांच्या हाती पडला. हे वाक्य लेखात जितकं सांगतं तितकं कुठलाच वर्ग सांगू शकत नाही.

बांधणाऱ्यावरून वर्ग चालेल, पण बांधणारा निश्चित असेल तरच. खांदेरी महाराजांनी १६७९ मध्ये इंग्रजांच्या नाकावर टिच्चून उभारला, शेजारची उंदेरी सिद्दीने. तिथे शंका नाही. रायगडासारखा थर-थर असलेला किल्ला अशा वर्गात घालू नये.

---

कऱ्हेकाठ

प्रकारावरून वर्गांचं बोला. 'गिरिदुर्ग', 'भुईकोट' यांत फार वाद नाही. 'जलदुर्ग' मध्ये आहे. विजयदुर्ग जलदुर्ग का?

---

सह्यवाट

इथे मी अजून ठाम नाही. बोलताना आपण सर्रास विजयदुर्गला जलदुर्ग म्हणतो. पण तो बेटावर नाही, जमिनीला लागून आहे, तीन बाजूंनी पाणी. युनेस्कोच्या प्रस्तावात त्याला किनारी दुर्ग म्हटलंय. खांदेरी, सुवर्णदुर्ग आणि सिंधुदुर्ग हे बेटावरचे म्हणून वेगळे धरलेत. प्रतापगडला डोंगर आणि जंगलाचा, पन्हाळ्याला डोंगरपठाराचा किल्ला म्हटलंय. इतकं बारीक आपल्याला नको, पण पाण्याच्या बाबतीत फरक खरा आहे. बेटावरचा किल्ला लढवायचा तर आरमार लागतं, जंजिऱ्याने ते सगळ्यांना दाखवून दिलं.

---

मांडवीकर

'बेटावरील किल्ले' आणि 'समुद्रकाठचे किल्ले' असे दोन वर्ग करा. दोन्ही साधी मराठी, दोन्हींत शंका नाही. 'समुद्रकाठचे' मध्ये तो छळणारा 'ऱ्या' पण नाही. 'जलदुर्ग' हा दोघांचा मुख्य वर्ग ठेवा, म्हणजे बोलण्यातला शब्दही राहील. आग्वाद मांडवीच्या मुखाशी आहे, समुद्रालाही लागून, तो समुद्रकाठी. पण गोव्यातल्याच नदीकाठच्या खोर्जुवे किल्ल्याला यात घेऊ नका.

---

पायवाट

हे छान जमलं.

नामांतर झालेल्या जिल्ह्यांचं काय करणार? परांडा आणि नळदुर्ग उस्मानाबाद जिल्ह्यात होते, २०२३ पासून तो धाराशिव. देवगिरी औरंगाबाद जिल्ह्यात, आता छत्रपती संभाजीनगर. अहमदनगरचं अहिल्यानगर २०२४ मध्ये झालं. चर्चापानांवर यावरून कडाक्याची भांडणं होतात.

---

ताम्हण

भांडण टाळायचं तर आपली पसंती बाजूला ठेवून नियम लावावा. 'अमुक जिल्ह्यातील किल्ले' हा वर्ग आजच्या प्रशासकीय जिल्ह्याबद्दल सांगतो. म्हणून आज राजपत्रात जे नाव आहे ते वापरायचं. मे २०२४ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने पहिल्या दोन नामांतरांविरुद्धच्या याचिका फेटाळल्या, म्हणजे आज अधिकृत नाव कोणतं याबद्दल संदेह नाही. जुन्या नावाचा वर्ग पुसून टाकू नये. त्यावर सूचना ठेवावी, कारण जुनी पुस्तकं वाचून येणारा माणूस जुनंच नाव शोधणार, आणि त्यात त्याचा काही दोष नाही.

मात्र इतिहासाच्या वर्गांत आजचं नाव मागे ढकलू नये. निजामाच्या राज्यातल्या गोष्टी 'हैदराबाद संस्थान' मध्येच जाव्यात. १९४० सालच्या घटनेला आजच्या जिल्ह्याचं लेबल लावलं की वाचणाऱ्याला त्या काळचा कारभार कुणाचा होता तेच कळत नाही.

---

उंबरठा

हरिश्चंद्रगडाचं राहिलं. पाचनईकडून चढलं तर अकोले तालुका, खिरेश्वरकडून जुन्नर, नळीच्या वाटेने ठाणे जिल्ह्यातून. तीनही जिल्ह्यांचे वर्ग लावायचे का?

---

सह्यवाट

नाही. वाटा तीन जिल्ह्यांतून येतात, पण गड, देऊळ आणि तारामती शिखर यांची नोंद अकोले तालुक्यात, म्हणजे अहिल्यानगर जिल्ह्यात आहे. वाटांचं वर्णन लेखात येईलच. वास्तू जिथे उभी आहे तो जिल्हा, असा नियम लिहून ठेवतो.

प्रस्तावात जे लिहितोय ते असं. ठिकाणाचे वर्ग 'अमुक जिल्ह्यातील किल्ले' या एकाच साच्यात, महाराष्ट्राबाहेर 'गोव्यातील किल्ले', 'तमिळनाडूतील किल्ले' अशी राज्याची नावं. प्रकाराचे वर्ग गिरिदुर्ग, भुईकोट आणि जलदुर्ग, जलदुर्गाखाली बेटावरील आणि समुद्रकाठचे. बांधणाऱ्याचा वर्ग संदर्भ असेल तरच. सत्तांचे वर्ग नाहीत, त्याऐवजी पायवाट यांची यादी. प्रत्येक वर्गाच्या पानावर कसोटीची एक ओळ. उंबरठा यांचा मुद्दा वेगळा प्रस्ताव म्हणून जावा, तो किल्ल्यांच्या शेपटीला बांधला तर त्याला न्याय मिळणार नाही. तो त्यांनीच मांडावा, मी तिथे बाजूने लिहीन.

---

कऱ्हेकाठ

चावडीवर सात दिवस राहू द्या, मग सांगकाम्या चालवतो. त्याआधी एक काम करा. ज्या लेखांचं शीर्षकच 'किल्ले अमुक' असं आहे, त्यांना क्रमवारीसाठी गडाचं नाव वेगळं द्या, नाहीतर ते सगळे 'क' खाली गोळा होतात आणि 'र' खाली रायगड शोधणाऱ्याला सापडत नाही. आणि चौकटीत 'जिल्हा' रिकामा असलेले लेख आधी भरा. रिकाम्या रकान्यातून साचा ' जिल्ह्यातील किल्ले' असा बिननावाचा वर्ग तयार करेल.

---

मांडवीकर

गोव्याच्या लेखांत जिल्ह्याचा रकाना मी भरतो. तेरेखोलपासून सुरुवात करतो: पेडणे तालुका, उत्तर गोवा. 'गोव्यातील किल्ले' राज्यावरून असल्यामुळे साच्याला गोव्यासाठी जिल्ह्याऐवजी राज्य वाचायला सांगावं लागेल, तेवढं कऱ्हेकाठ यांनी बघावं.